अक्कांची बाजू

कंबरदुखीने टेकीला आलेल्या माणसांना नसेजवळ सुई देऊन आराम पाडणारा तो दवाखाना, आणि तिथे शब्द चाले तो जुन्या नर्सचा, म्हणजे अक्कांचा. औषध डॉक्टर देत, पण पेशंट विचारत, "आज अक्का आहेत ना?" अक्का उशाशी स्टूल ओढत, पेशंटचा हात धरत आणि नेमकी सुई टेकताना काहीतरी आगाऊ विचारत, "घरात जास्त कोण घोरतं, तुम्ही की त्या?" माणूस हसेपर्यंत सुई आत.

मग धाकटी सिस्टर आली आणि तिच्यामागून कातडी बधिर करणारं जेल आलं. ते चोपडायचं, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि ते भिनेपर्यंत थांबायचं. आता पेशंट दारातूनच विचारू लागले, "त्या जेलवाल्या ताई कुठेत?" अक्कांच्या पोटात दुखू लागलं, आणि त्यावर काही जेल नव्हतं.

त्या दिवशी शिंपीकाका टेबलावर पालथे पडले होते. धाकटी जेल लावून बाहेर गेली. अक्कांनी लगेच पट्टी सोलली, जेल पुसलं आणि हात धरून बसल्या. बघूच, कुणाचं चालतं ते!

जेल भिनायची वेळ भरली तशी धाकटी डॉक्टरांना घेऊन आत आली. सुई टोचली तसे काका किंचाळले, "मेलो! ती पोरगी तर म्हणाली, कळणारही नाही!"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. धाकटीचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं असेल, काका. कमी लावलं गेलं."

झालं! चांगुलपणाही हिनेच मिरवायचा! अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काही कमी नव्हतं. मी पुसलं," त्या फणकारल्या. "चुकले मी, काका."

"पण का हो?"

"जळफळाट झाला माझा, म्हणून."

"आणि भोगलं माझ्या कमरेने!"

"अक्का, नंतर केबिनमध्ये या," डॉक्टर म्हणाले.

जेल पुन्हा लागलं, भिनलं. या खेपेला सुई कातडीतून गेली तरी काका कुणाच्या तरी आखूड बाह्यांबद्दल बोलतच राहिले. अक्कांनी ओठ मुडपले. मग सुई खोल सरकली. तिथवर जेल पोचत नाही. काकांचं बोलणं तुटलं आणि हात टेबलाच्या कडेने चाचपू लागला. धाकटीने आपला पुढे केला.

"सरक गं," अक्का स्टूल ओढत म्हणाल्या. "तुझं वरचं झालं. ही बाजू माझी."