इनामगावच्या रस्त्यावरचा लाइटवाला

"आत्या, तुम्ही या आन् आप्पांकडनं मोटारसायकलची चावी काढून घ्या. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत ते." शनिवारी सकाळी माझ्या भाच्याचा, विकासचा, फोन आला आणि ही सहल ठरली.

आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ, विकासचे वडील. वय अडुसष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मुक्काम इनामगाव, तालुका शिरूर. रोज संध्याकाळी दुधाच्या दोन किटल्या मोटारसायकलला अडकवून दोन किलोमीटरवरच्या डेअरीत घालून येणं हा त्यांचा नेम. गेल्या महिन्यात ते गाडीसकट रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेले. दूध पाटाच्या पाण्यात मिसळलं, गुडघा सोलला, आणि घरच्यांनी निकाल दिला की आप्पांना आता दिसत नाही, गाडी विकून टाकायची. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भोवरे, गोट्या, मोबाइल, पुष्कळ काही जप्त केलं. चावी जप्त करायला माझ्याइतकं लायक माणूस खानदानात दुसरं कोण असणार?

हा ब्लॉग तुम्ही समुद्रकिनारे आणि घाटमाथ्यांसाठी वाचता, ठाऊक आहे. या वेळी तसलं काही नाही. पण संध्याकाळनंतर गाडी चालवत असाल तर वाचा, आणि त्यातही तुम्ही गाडीला बाजारातले पांढरेशुभ्र दिवे बसवून घेतले असतील तर जरूर वाचा. तुमच्यासाठीच लिहिते आहे.

रविवारी दुपारी तीनला पुण्यातून निघाले. सोलापूर रस्त्याने केडगाव-चौफुला, तिथून डावीकडे वळून पारगाव, न्हावरे आणि मग इनामगाव. अडीच-तीन तास धरा. केडगावच्या आसपास गुऱ्हाळं आहेत, तिथं थांबलात तर चार तास धरा. मी थांबले. कढईतला गरम गूळ पळसाच्या पानावर घेऊन खाल्ला, वर रस प्यायले, आणि एक ढेप घरी न्यायला घेतली. या चैनीपायी पारगावचा पूल ओलांडेपर्यंत दिवेलागण झाली आणि खरा प्रवास सुरू झाला.

काय सांगू! न्हावऱ्याच्या रस्त्यावर समोरून येणारी तिसरी-चौथी गाडी अशी, की जणू लग्नाचा मांडवच डोक्यावर घेऊन निघाली आहे. मी डिपर देऊन दमले. त्यांना वाटतं आपण त्यांचं कौतुक करतो आहोत. गाडी निघून गेली की पुढचे चार-पाच क्षण डोळ्यांपुढे नुसती जांभळी वर्तुळं, आणि नेमक्या त्या चार-पाच क्षणांत समोर उसाची ट्रॉली उभी असते, मागे ना दिवा, ना चमकपट्टी. दोनदा ब्रेक असा दाबला की गुळाची ढेप सीटवरून खाली आली.

आता थोडं शाळेतलं. गाडीच्या दिव्यामागे अंतर्गोल आरसा असतो, तो त्याच्या मूळच्या बल्बसाठी घडवलेला. बल्बमधली तार ठरलेल्या जागी असली की उजेड खाली रस्त्यावर पडतो. त्यात दुसऱ्याच घडणीचा एलईडी खुपसला की उजेड वाटेल तिकडे उधळतो, झाडांवर, आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यांत. कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीचं वेगळं, तिचा सगळा दिवाच त्यासाठी बनवलेला असतो. हे आठवीतल्या पोराला समजतं. पुढे गाडी घेण्याइतके पैसे हातात आले की उमज जाते.

घरी पोचले तेव्हा वहिनींनी हुलग्याची शेंगोळी केली होती. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. पुण्यात हे ताटात आणून ठेवायला कुणी दीडशे रुपये घेईल आणि वर शेंगोळी पातळ करील. जेवताना मी आप्पांच्या पडण्याचा विषय काढला.

"डोळं चांगलं हायत माझं," आप्पा म्हणाले. "त्यो एक लाइटवाला हाय. रोज सातच्या सुमाराला समोरनं येतो. मला काय बी दिसत न्हाई. आन् वर हॉर्न वाजवतो, दोनदा! बाजूला सरक म्हनतो. मस्ती बघ किती."

"असल्यांचं लायसन काढून घेतलं पाहिजे," विकास भाकरी मोडता मोडता म्हणाला. विकास रांजणगावच्या कारखान्यात आहे. रोज सकाळी आपल्या चारचाकीने जातो, संध्याकाळी येतो. त्या दिवशी रविवारची सुट्टी होती. जेवणानंतर अंगणात मला हळूच म्हणाला, "लायटी सगळ्यांच्याच असत्यात, आत्या. बाकीचे पडत न्हाईत चारीत. वय झालंय त्यांचं." मला पटलं. मी त्याच तयारीने आले होते.

सोमवारी सकाळी आप्पांना घेऊन दौंडला गेले, डोळ्यांच्या दवाखान्यात. रस्ता तासाभराचा, खड्डे मोजत बसलात तर जास्त. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आप्पांना अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घालून बसवलं, बॅटरीने पाहिलं. मग म्हणाली, "आजोबा, ऑपरेशन केलेला डोळा छान आहे. दुसऱ्यात मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, पण गाडी चालवायला हरकत नाही. फक्त समोरून जोराचा उजेड आला तर या वयात नजर सावरायला वेळ लागतो. तेव्हा जपा."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. मी त्यांच्या खिशातून चावी काढायला आलेली बाई, आणि दवाखान्याची फी भरून त्यांच्या चावीवर शिक्का मारून घेतला!

दवाखान्याच्या बरोबर समोर गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. बाहेर माळेने लटकवलेले एलईडी बल्ब. थेंबांमुळे आप्पांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांना गाडीत बसवलं आणि मी दुकानात शिरले.

"मॅडम, हा घ्या. दुधासारखा पांढरा. तीन हजाराची जोडी, तुम्हाला अडीच. अर्धा किलोमीटर दिसतं."

"आणि समोरच्याला काय दिसतं?"

त्याने मला जरा निरखलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसावा. "समोरच्यानं बी हेच बसवायचं की मग," तो म्हणाला.

एकमेकांना आंधळं करून सगळ्यांनी उजेडात राहायचं, असा एकंदर विचार. रस्त्याच्या एका बाजूला डोळे बिघडवायची सोय, दुसऱ्या बाजूला तपासायची. दौंडसारखं सोयीचं गाव नाही.

संध्याकाळी, थेंबांचा अंमल उतरल्यावर, आप्पा डेअरीला निघाले तेव्हा मी मागे बसले. वहिनी नको म्हणाल्या, विकास अजून यायचा होता. एक किटली माझ्या नडगीवर आपटत होती. आप्पा गाडी अगदी नेमकी चालवत होते, खड्डा कुठं आहे ते त्यांना न बघता ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक गाडी जाईल एवढं डांबर, डावीकडे चारी. तेवढ्यात वळणावरून ते आलं. गाडी नव्हेच, नुसता पांढरा उजेड. आप्पांनी वेग कमी केला, डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मी तर डोळे गच्च मिटले. आमच्या अंगावरून काहीतरी भर्रकन गेलं आणि दोनदा हॉर्न वाजला.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले.

"काही नाही दिसलं."

"त्येच सांगतोय मी."

रोज एक माणूस असा एका हाताने गाडी चालवत, चारीच्या कडेकडेने, अंदाजाने जातो, आणि घरचे त्याला म्हणतात की तुला दिसत नाही. मला फार राग आला. त्या लाइटवाल्याला शोधून त्याच्या दाराशी जाऊन बोलायचं, हे मी डेअरीत दूध मोजून होईपर्यंत मनाशी पक्कं केलं.

लांब जायची गरज पडली नाही. घरी आलो तर विकास अंगणात पाय धूत होता. मला पाहून हसला. "आत्या, आप्पांनी आज बी हात केला मला. तुम्ही मात्र डोळं मिटून बसला व्हता. घाबरलात व्हय गाडीवर?"

आप्पा किटल्या घेऊन आत गेले होते. मी विचारलं, "आज बी म्हणजे?"

"रोजच करत्यात. लांबनंच हात वर. म्हणून तर मी दोनदा हॉर्न देतो."

मी माझी गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर पंधरा पावलांवर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर उजेडाची रेघ कमरेच्या खाली, वर अंधार. मग म्हटलं, आता तुझी लाव. विकासने लावली. गोठ्याची भिंत, वरचे पत्रे, पत्र्यांमागचं लिंबाचं झाड शेंड्यापर्यंत, सगळं पांढरं झालं आणि आतल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"बिबट्याचं भ्या हाय इकडं, आत्या," तो म्हणाला. "उसातनं कवा बी येतो. उजेड वर गेलेला बरा असतो."

"बिबट्या उसाच्या शेंड्यावर बसत नाही, विकास. आणि आप्पा तुला हात करत नाहीत. डोळे झाकतात."

त्याला कळायला थोडा वेळ लागला; आप्पा हात करतात म्हणजे ओळखतात, तेव्हा तो लाइटवाला दुसराच कुणी, असं तो धरून चालला होता. मग त्याने जाऊन दिवे बंद केले. माझ्या जिभेवर अजून पुष्कळ होतं, तीस वर्षांची सवय आहे. पण तो बोनेटला टेकून हळू आवाजात म्हणाला, "आमचं घरात काय बोलणं होत न्हाई, आत्या. ते त्यांच्या कामात, मी माझ्या. मला वाटायचं, रस्त्यावर तरी हात करत्यात. तेवढंच बरं वाटायचं."

मला एकदम वाईट वाटलं. आप्पा चारीत गेले त्या संध्याकाळी समोर कुठली गाडी होती, हे मी विचारलं नाही. त्यालाही विचारायची गरज उरली नव्हती.

जुने बल्ब गाडीच्या कप्प्यातच वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. मागचं रबरी टोपण काढायचं, तारेची कडी सोडवायची, एलईडी बाहेर, जुना आत. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, फडक्याने धरायचं, बोटाचं तेल लागलं की तो लवकर जातो. दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या. भिंतीवरची रेघ खाली आली आणि म्हशी बसल्या. "आप्पांना सांगू नका," एवढंच विकास म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी शिरूरवरून, नगर रस्त्याने परतले. वहिनींनी डिकीत कांद्याचं पोतं आणि बाजरी घातली होती. कारेगावला चहाला थांबले. शेजारच्या दुकानात एक कामगार मोटारसायकलसाठी दिवा बघत होता. "भैया, इससे भी तेज वाला दिखाओ." दुकानदार दाखवत होता. त्यापेक्षाही तेज, त्यापेक्षाही तेज. चहा मात्र बेताचा होता.

आता वर इतकं बोलले आहे तर हेही सांगते. पुण्यात आमच्या इमारतीच्या भिंतीसमोर गाडी लावताना दिव्याची रेघ चांगली छातीपर्यंत आलेली दिसली. डिकीत ओझं असलं की पुढचं तोंड वर होतं, आणि दिवा खाली करायला स्टिअरिंगजवळ एक चाक असतं. गेली सात वर्षं मी ते हवा कमी-जास्त करण्याचं समजत होते. कारेगावपासून घरापर्यंत समोरच्यांनी मला काय काय म्हटलं असेल, ते म्हटलेलं बरोबरच होतं.

आठवड्याने आप्पांचा फोन आला. चावी अर्थातच मी आणलेली नव्हती, आणि मोटारसायकल विकायचा विषय विकासनेच बंद केला होता.

"शालन, त्यो लाइटवाला यायचा बंद झाला बघ. बदली झाली आसंल कुठं."

"झाली असेल," मी म्हटलं.

"आन् आता आपला इकास दिसतो की रोज वाटंला. आदी कवाच घावला न्हाई. लांबनं गाडी वळखू येती, म्हून मी हात करतो त्याला. त्यो बी हॉर्न देतो." आप्पांनी सावकाश पुढे जोडलं. "दोनदा."

त्यांना कळलं आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फोन ठेवताना म्हणाले, सात वाजत आले, दूध घालायला निघतो, आणि खिशात चावी वाजलेली मला ऐकू आली.