विटांच्या मशीनवरची फॅट

व्हिडिओ गेममधला खादाड हा खेळ भिकार आहे. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी माझं हे मत होतं आणि आजही तेच आहे. एक तोंड उघडझाप करत बोळाबोळांतून ठिपके खात पळतं, मागे भुतं लागतात, आणि अख्खं मुरूम गाव त्या मशीनभोवती मान वाकडी करून उभं. त्यात काय आहे हो एवढं? कुणीतरी मांडून ठेवलेले ठिपके खायचे, ठरलेल्या गल्लीतून जायचं, सगळे संपले की पुन्हा तेच ठिपके तिथंच. असली नोकरी मी करतच होते. खेळायला जाऊन पुन्हा नोकरीच करायची, हे मला कधी पटलं नाही.

विमानांचं मशीन त्याच्यापेक्षा बरं. वरून रांगेनं किडे उतरत यायचे आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. त्यात एक गोष्ट खरी होती. किडे जितके कमी उरतात तितके ते जोरात धावतात. टँकरचं पाणी संपत आलं की मागे राहिलेल्या बायका अशाच धावायच्या, मीही धावलेली आहे. पण या खेळात लपायला भिंती दिलेल्या होत्या, आणि बहुतेक शूरवीर त्या भिंतीआड बसून आपल्याच गोळ्यांनी भिंत पोखरायचे. त्यांच्याबद्दल मला आदर नव्हता.

मोटारीचं मशीन मागाहून आलं. त्याला खरं स्टेअरिंग होतं म्हणून त्याचं फार कौतुक. रस्त्यावर एक बैलगाडी नाही, एक म्हैस आडवी येत नाही, खड्डा नाही, आणि तरी माणसं धडाधड आपटत होती. उमरग्याहून मुरूमला ज्यानं सायकल आणली आहे त्यानं त्या मोटारीला पैसे घालू नयेत, असं मी तेव्हा तोंडावर सांगायची.

राहिलं विटांचं. वर रंगीत विटांची भिंत, खाली एक पट्टी, मध्ये चेंडू. पट्टी हलवायला दांडा नव्हता, गोल खुंटी होती, रेडिओचं स्टेशन लावतात तशी. ती फिरवून चेंडू परतवायचा आणि एकेक वीट फोडायची. लपायला जागा नाही, मागे कुणी लागलेलं नाही, चेंडू सुटला तर तो आपल्याच हातानं सुटला. हा खेळ सरळ होता आणि तो मला यायचा. गावात सगळ्यात चांगला मला यायचा, हे सांगायला मी आता लाजत नाही आणि तेव्हाही लाजले नाही.

तो का यायचा, त्यालाही कारण आहे. मी दूध सोसायटीच्या डेअरीत फॅट लावायला होते. फॅट लावणं म्हणजे आलेल्या दुधात स्निग्धांश किती ते बघणं; त्यावरच दुधाचा भाव ठरायचा. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, मग बूच लावून नळ्या हातानं फिरवायच्या यंत्रात बसवायच्या आणि हँडल एका लयीत फिरवायचं. घाई केली तरी आकडा चुकतो, आळस केला तरी चुकतो. नंतर नळी डोळ्यासमोर धरून बारीक रेघांवरचा आकडा वाचायचा. वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ ते हँडल फिरवलेला हात त्या खुंटीवर ठेवला, आणि त्याला काही शिकवावं लागलं नाही.

मी आमच्या बौद्ध वस्तीतली सायन्सनं बारावी झालेली पहिली मुलगी. सोसायटीला नियमानं मला घ्यावं लागलं होतं, आणि घेतल्यानंतर गावातल्या मोठ्या घरांनाही दिवसातून दोनदा माझ्या टेबलापुढं कॅन घेऊन उभं राहावं लागत होतं. काही घरचे गडी माझ्या भांड्याला त्यांचं भांडं लागू नये म्हणून वीतभर वरून धार सोडायचे. शिंतोडे माझ्या साडीवर उडायचे. मी आकडा मात्र नळीत दिसेल तोच लिहायची, धार कितीही उंचावरून पडली तरी. विटांच्या खुंटीला आधी कुणाचा हात लागला होता हे कुणी विचारत नव्हतं. एक उठला की दुसरा बसायचा आणि गरम खुंटी हातात घ्यायचा. हे मला फार आवडायचं.

दुष्काळाच्या वर्षी निम्मी जनावरं छावणीत गेली. डेअरीत दूध येईनासं झालं, सकाळचं काम नऊलाच उरकायला लागलं. संध्याकाळचे कॅन पाचला. मी शेजारच्या खेड्यातून यायची आणि मधल्या वेळात माझ्या गावाला एसटी नव्हती. पहिले काही दिवस मी डेअरीतच भिंतीला टेकून बसले, तर सेक्रेटरी म्हणाले, "बाई, दुपारचं हितं बसत जाऊ नका. समदे गडीमाणसं असत्यात, बरं दिसत न्हाय." ही गडीमाणसं म्हणजे संचालक मंडळ, आणि ते दुपारभर व्हरांड्यात सतरंजी टाकून रमी खेळायचं. ते बरं दिसत होतं.

मग मी स्टँडमागच्या कॅसेटच्या दुकानात जायला लागले. दुकानदार भाई गाणी भरून द्यायचे आणि आतल्या खोलीत त्यांनी सोलापूरहून आणलेली ही मशिनं मांडली होती. पहिल्या दिवशी आतली पोरं दचकली. भाई नुसते म्हणाले, "बाई को जगा देव रे." तेवढं पुरलं. महिनाभरात पोरं माझ्या मागे उभी राहून चेंडूचा हिशेब बघायला लागली.

जास्त गुण झाले की ते मशीन तीन इंग्रजी अक्षरं मागायचं. खुंटी फिरवून अक्षर लावायचं, बटण दाबायचं. पोरं काही न फिरवता बटण दाबायची, त्यामुळे सगळ्या यादीत ए-ए-ए, ए-ए-ए. मला ते बघवेना. माझ्या नावाची तीन अक्षरं टाकायचा धीर मात्र होईना. गावात मला सगळे फॅटवाली बाई म्हणायचे, काही कौतुकानं, बरेचसे दात खाऊन. मी एफ, ए, टी लावलं. त्या दिवसापासून यादीत सगळ्यात वर फॅट. लाईट गेली की यादी पुसली जायची, आणि लाईट रोजच जायची. मला त्याचं दुःख नव्हतं. सकाळची फॅट संध्याकाळला चालत नाही, पुन्हा लावावी लागते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची.

घोटाळा झाला तो यातूनच.

आमच्याकडे एक मामा दूध घालायचे. माझे कुणी नव्हेत, वयानं मामा. एकच म्हैस, तीही वाळक्या कडब्यावर. त्यांची फॅट साडेचार-पाचच्या वर जायची नाही आणि ते मुकाट कार्ड घेऊन जायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डेअरीच्या कार्डावरचा फॅट हा इंग्रजी शब्द आणि त्याखालचे आकडे रोज बघून बघून पाठ झाले होते. बाजाराच्या दिवशी ते स्टँडमागं बिडी ओढत उभे होते आणि दुकानाच्या उघड्या दारातून आतल्या मशीनवर त्यांना तो शब्द दिसला. फॅट. पुढं आकडा आठ हजार सहाशे चाळीस. मामांनी त्यातले पहिले दोन आकडे वाचले, कार्डावरची फॅट वाचतात तसे. आठ-सहा.

संध्याकाळी ते कॅन घेऊन आले आणि सगळ्या रांगेत मला म्हणाले, "बाई, म्या आज बगून आलो. हितं तुमी मला चार-सात लावता आन् स्टँडमागलं मशीन आठ-सहा दावतंय. माजं दूद बी त्याच मशीनवर लावा की."

रांगेतल्यांनी हातातले कॅन खाली ठेवले. मग सगळे एकदम बोलायला लागले. दोन दिवसांत गावभर झालं की सोसायटीचं यंत्र खोटं आहे, खरं विजेचं यंत्र दुकानात ठेवलंय, आणि फॅटवाली बाई दुपारी तिकडं जाऊन खरी फॅट बघून येते. काही जण खरोखर तांब्यात दूध घेऊन भाईंच्या दुकानात गेले. भाईंनी हात जोडून त्यांना परत पाठवलं.

सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. उद्या दुपारी साडेचारला मीटिंग आहे, त्याआधी माफीचा अर्ज लिहून आणायचा, पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही असं त्यात लिहायचं. नाही लिहिलं तर दुसरं माणूस बघू. मी म्हटलं, मी कामाच्या वेळात कधी गेलेली नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "आईबाप हमीच्या कामावर खडी फोडत्यात आन् लेक हितं विटा फोडत बसती. तुमाला तरी बरं वाटतं का बाई?"

हे लागलं. खोटं सांगत नाही, फार लागलं. आई-बाबा खरोखरच रोजगार हमीच्या रस्त्यावर उन्हात बसत होते, आणि घरात दर महिन्याला पगार आणणारी मी एकटीच होते. नोकरी गेली असती तर मलाही हातोडा घेऊन त्यांच्या शेजारी बसावं लागलं असतं. संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं, सेक्रेटरींचं वाक्यसुद्धा.

बाबा बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडत होते. त्यांनी शेवटची चिंधी सोडून ठेवली. मग म्हणाले, "खडी फोडून रस्ता तरी व्हतो. तुज्या विटा फोडून काय व्हतं गं?"

मी म्हटलं, "काय बी व्हत न्हाय, बाबा. म्हनून तर आवडतंय."

ते हसले. मला वाटलं होतं रागावतील. पण नोकरीची काळजी त्यांनाही होती. म्हणाले, "असं लिव्ह की बसायला जागा न्हवती, म्हनून नाइलाजानं गेले. खोटं बी न्हाय आन् त्यास्नी बी तोंड राहील." मी तसाच अर्ज लिहिला. चांगल्या अक्षरात, नाइलाजास्तव हा शब्द घालून.

मीटिंगला चेअरमन मधोमध बसले होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यांच्याच घरचा गडी सगळ्यात उंचावरून धार सोडायचा. त्यांनी अर्ज वाचून घेतला आणि मान हलवली. "खरं हाय. बाईमाणसाला जागा न्हाय दिली, ही आपली चूक. त्या कोपऱ्यात एक खुर्ची टाका. दुपारचं बाई हितं बसतील. मग तिकडं जायाचं कारन न्हाय. करा सही, बाई."

सेक्रेटरींनी पेन पुढं केलं. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी होती, पत्त्यांचा जोड तिच्याशेजारी. कोपरा मला दिसत होता. नऊ ते पाच त्या खुर्चीत बसून मी काय करणार होते तेही दिसत होतं. यांची रमी बघणार होते.

मी पेन घेतलं आणि नाइलाजास्तव या शब्दावर काट मारली. म्हटलं, "साहेब, जागा नव्हती म्हणून पहिल्यांदा गेले. दुसऱ्या दिवसापासून आवडतं म्हणून गेले. खुर्ची द्या, मी बसेनही कधी. पण खेळायला जाणार. तुम्ही दुपारी पत्ते खेळता, मी विटा खेळते. कामाच्या वेळेला तुम्ही पत्ते ठेवता, मीही खुंटी सोडते. माझ्या एका तरी नळीचा आकडा चुकलाय का, तेवढं सांगा."

एका संचालकानं सतरंजीकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ही उद्धट भाषा झाली." मी म्हटलं, झाली.

चेअरमन अर्जाकडे बघत राहिले. ते काय ठरवणार होते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात बाहेर कॅन आपटल्याचा आवाज आला. पाच वाजले होते. रांग लागली होती आणि ॲसिड ओतता येणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. मी सही न करता उठले. तो अर्ज काट मारलेल्या शब्दासकट फायलीत गेला, आणि त्यावर पुढं कुणी काही विचारलं नाही.

मी टेबलाशी जाऊन नळ्या मांडल्या. रांगेत पहिले मामाच होते. आपल्यामुळं बाईची नोकरी जाणार, हे त्यांच्या कानावर गेलं असावं. कॅन खाली ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, म्या अडानी. ते फॅटचं मशीन न्हाय म्हनत्यात. मग तिथं ते आठ-सहा कुनाचं वो?"

मी त्यांचं दूध नळीत घेतलं, बूच लावलं आणि हँडलला हात घातला.

"मामा," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमची फॅट हितंच लागंल. तिथं माजी लागती."