मनकर्णाबाईंचा पेन्शनीचा दावा

मुन्सफाने किती निकाल दिले हे सरकार मोजून ठेवतं. मुन्सफाच्या बायकोने किती गावांत चूल मांडली हे कोणी विचारतसुद्धा नाही. माझ्या आत्याला, म्हणजे रिठदच्या मनकर्णाबाईला, कोणी विचारायची गरजच नव्हती. ती आपण होऊन सांगायची. वाशिम, दारव्हा, मेहकर, मोर्शी, मलकापूर, अचलपूर, परत मेहकर... भाजीवालीने टोपलीतल्या भाज्या सांगाव्यात तशी ती एका दमात गावं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "आन् यातलं एकबी गाव मी निवडलं नोयतं."

तिचे यजमान शालिग्रामराव, आमचे मामाजी, हे कामरगावच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. शिकून वकील झाले, मग मुन्सफ. माणूस निर्मळ, लाचेच्या वाऱ्याला उभा न राहणारा. पण कायदा अंगात इतका मुरलेला की वरणात मीठ कमी पडलं तर "या वरणाबाबत माझी एक हरकत आहे" म्हणायचे. बोलायचे छापील मराठी. घाबरले किंवा चिडले की मात्र आतून कामरगाव बाहेर पडायचं. आत्या घरात, बाजारात, मोठ्या साहेबाच्या मड्डमेपुढे, सगळीकडे एकच भाषा बोलायची. आमची वऱ्हाडी.

१९३६ साली मामाजींची पंचावन्न वर्षं भरली. शेवटची नेमणूक वाशिमची होती. मी तेव्हा दिवसांत होते आणि सासूबाईंनी हवापालटाला म्हणून मला आत्याकडे पाठवलं होतं. हवा कशी होती ते मला आठवत नाही, पण करमणूक भरपूर झाली. पोटातलं बाळ त्या महिन्यात इतकं हसलं असेल की पुढे जन्मभर त्याला रडता आलं नाही.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता, पेन्शन. तीस वर्षं नोकरी झाली की अर्धा पगार मिळतो, नोकरीत मध्येच खंड पडला तर आधीची सगळी वर्षं बुडतात, हे मामाजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रहमतुल्लाचाचांना समजावून सांगत. रहमतुल्लाचाचा हे वाशिमच्या कोर्टाचे बेलीफ. आदल्याच वर्षी त्यांचीही नोकरी संपली होती. समन्स घेऊन तालुकाभर हिंडलेला माणूस. त्यांनी दारातून हाक मारली की ज्याच्यावर खटला नाही तोसुद्धा हात जोडून बाहेर यायचा. मामाजींची पहिली नेमणूक वाशिमला झाली तेव्हापासूनची दोघांची ओळख. पेन्शनीचे नियम चाचांना पाठ झाले होते, मला पाठ झाले होते, आणि आत चुलीपाशी बसलेल्या आत्यालाही झाले होते. मामाजींना वाटायचं ती फक्त भाकरी थापते.

कागदांमध्ये आता एकच जागा कोरी होती. पेन्शन कोणत्या गावच्या खजिन्यातून घेणार, ते लिहायचं होतं. एका रात्री जेवताना मामाजींनी सहज सांगितलं, "पुढच्या महिन्यात अमरावतीला निघायचं आहे. घर ठरवलं आहे मी."

आत्याच्या हातातला पळा वरणातच राहिला. "कोनाची बदली झाली?"

"बदली कशी होईल? आता पेन्शन."

"मंग निघाचं काहून?"

"तिथे माझ्या बरोबरीची माणसं आहेत. वाचनालय आहे. संध्याकाळी फिरायला सोबत मिळते."

"आन् मायी माणसं?"

मामाजींनी भाकरीचा मोठा घास घेतला. तोंडात घास असताना उत्तर देणं कायद्याने बंधनकारक नाही, असं त्यांचं मत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चूल थंड. आत्या डोक्याला तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर पाय पसरून बसलेली. मामाजी चहाची वाट पाहून पाहून शेवटी बाहेर आले.

"चहा?"

"मी नोकरीतून मोकयी झाली," आत्या म्हणाली. "तुमची पेन्शन सुरू, मायीबी सुरू. लगन झालं तवापासून हजर हाओ मी कामावर. सरकार तुमाले घरबसल्या अर्धा पगार देऊन राह्यलं. मले कोन देते?"

मामाजी मोठ्याने हसले. आयुष्यभर न्यायनिवाडा केलेल्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती. हसत हसत म्हणाले, "मग दावा लाव."

"लावला."

"अगं पण ऐकणार कोण? मी प्रतिवादी. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही."

"चाचा आयकतीन."

मामाजी अडकले. चाचांवर अविश्वास दाखवणं शक्य नव्हतं, कारण आदल्याच संध्याकाळी ते चाचांना म्हणाले होते की तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस मी कोर्टात पाहिला नाही. तो दिवस त्यांनी मुरमुरे आणि फुटाण्यांवर काढला. मी काही करून देते म्हटलं तर आत्याने डोळे वटारले. "तू बस वं पोरी. दोन जीवाची हायेस. मुन्सफाच्या पोटाची काळजी तू नोको करू."

संध्याकाळी चाचा आले. झालेला प्रकार ऐकून त्यांना इतकं हसू आलं की दाढी ओली झाली. पण आत्या हसत नव्हती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते पाहून चाचांनी हसणं आवरलं, टोपी सरळ केली आणि मामाजींच्या आरामखुर्चीत बसले. मामाजी खाली सतरंजीवर. जन्मात पहिल्यांदा ते खालच्या बाजूला बसले असतील.

"बोला बाई," चाचा म्हणाले.

आत्या उभी राहिली. "चाचा, पेन्शनीसाठी यांच्या पगारातून सरकारनं एक छदाम कापला नाई. मंग वर्गनी कोनं भरली? मी भरली. सामान बांधाचं मी. सोडाचं मी. नव्या गावात पाणी कुठून आणाचं, दळाले कोन येते, पोराले गोवर निंगाला त कोनाच्या दारात जाचं, समदं मी पाह्यचं. शेजारनीसंग जीव लागला की कागद आला, चाला. मेहकरले निंबूचं झाड लावलं, त निंबू खाल्ले दुसऱ्या मुन्सफाच्या बायकोनं. हे जे पेन्शन पेन्शन करून राह्यले, त्याच्यातली अर्धी मायी हाय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कोर्टाची अदब म्हणून वाजवल्या नाहीत.

मामाजी उठले. त्यांचा चेहरा आता खरोखर मुन्सफाचा झाला होता. समोर मनकर्णाबाई आहे हे ते विसरले आणि त्यांना फक्त खटला दिसायला लागला. "वादीची नोकरी मला मान्य आहे," ते म्हणाले. "परंतु नोकरी अखंड नाही. आम्ही पहिल्यांदा वाशिमला होतो तेव्हा वादी न सांगता, रजा न घेता रिठदला माहेरी निघून गेली आणि चार महिने आली नाही. नियम स्पष्ट आहे. खंड पडला की आधीची नोकरी बुडाली."

आत्याचा चेहरा उतरला. ती भांडायला आली होती, पण ही गोष्ट निघेल असं तिला वाटलं नव्हतं. ती का गेली होती हे आमच्या माहेरी सगळ्यांना माहीत होतं. घरी मोठे साहेब जेवायला येणार होते, आणि मामाजी तिला म्हणाले होते की तू त्यांच्यापुढे तोंड उघडू नकोस, तुझी भाषा गावंढळ वाटते. दुसऱ्या दिवशी ती धाकट्या भावाबरोबर रिठदला आली. माझे आजोबा सांगायचे, ज्या पोरीला गप्प बस म्हणून थकायचो, ती महिनाभर कोणाशी बोलली नाही. मला मामाजींचा इतका राग आला की पोटातलं बाळही दचकलं.

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "साहेब, पलेगाच्या साली मीबी न सांगता पळालो होतो. बायकापोरं घेऊन वावरात जाऊन राह्यलो. मायी नोकरी तुटली म्हंत होते समदे. मंग कोनं लिहून खंड माफ करून आणला?"

मामाजी घुटमळले. "मी. पण ते वेगळं. खंड माफ करता येतो, नाही असं नाही. पण ज्याला अधिकार आहे त्याने तो माफ करावा लागतो."

"बाईच्या खंडाचा अधिकार कोनाले?"

"...मला."

"तुमी माफ केला का नाई?"

"तसा काही पुरावा नाही," मामाजी म्हणाले, पण आवाज जरा खाली गेला होता.

"पुरावा हाय," चाचा म्हणाले. "म्या स्वतः पाह्यला."

"हरकत!" मामाजी ताडकन म्हणाले. "जो न्यायाधीश, तोच साक्षीदार होऊ शकत नाही."

चाचांनी क्षणभर विचार केला. मग खुर्चीतून उठले, डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि सतरंजीवर येऊन बसले. "आता मी साक्षीदार. न्यायाधीश तठी बसेल हाय."

आत्याच्या ओठांची घडी तिथे पहिल्यांदा मोडली.

चाचा त्या टोपीकडे तोंड करून बोलायला लागले. "हुजूर, बाई माहेरी गेली त्या साली साहेबाईनं मले पहाटी उठवलं. म्हणे रिठदले जाचं हाय, दमणीले बैल जुप. वाटेनं एक शब्द बोलले नाई. बाईच्या बापाच्या आंगणात उतरले. बाई दारात उभी. हे साहेब, कोर्टात इतके लंबे लंबे हुकूम सांगनारे, तठी दोन बोटं धोतराच्या काठाले लावून उभे. मंग म्हणाले, 'मनकर्णे, मले करमत नाई. तुले बोलाचं तसं बोल, पण घरी चाल.' बाईचा बाप होता, भाऊ होता, गडी होते. समद्यापुढं म्हणाले. मी बैलाची वेसण धरून होतो, आन् मले रडू आलं."

मामाजी सतरंजीच्या एका दशीला पीळ घालत होते. आत्याने पदर तोंडावर घेतला होता. तीस वर्षं संसार केलेल्या दोन माणसांना एकमेकांकडे बघायची इतकी लाज वाटताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

चाचा उठले, टोपी डोक्यावर घातली आणि खुर्चीत बसले. "खंड माफ. नोकरी पुरी धरली. अर्धी पेन्शन बाईची."

मामाजींनी मान हलवली. हरल्यावर निकाल मानायचा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण नियम काही सुटेना. "ठीक आहे. पण एक पेन्शन दोन गावच्या खजिन्यांतून काढता येत नाही. अर्धी अमरावतीला आणि अर्धी इथे, असं होणार नाही."

"मंग एकच गाव ठरवा," चाचा म्हणाले. "तीस सालं सरकारनं ठरवलं. आता तुमी दोघं ठरवा. कोर्ट उठलं." आणि ते खरंच उठून घरी गेले.

मामाजींनी आतून कागद आणले, दौत आणली, टाक बुडवला. मग आत्याकडे वळून त्यांनी विचारलं, आणि बोलताना त्यांची छापील मराठी कुठल्या कुठे गेली.

"मनकर्णे, तुले कुठी राह्यचं हाय?"

आत्याने तोंड उघडलं आणि तिला बोलता येईना. आत्तापर्यंत जी बाई कोर्ट गाजवत होती, ती या एवढ्याशा प्रश्नाला अडखळली. हा प्रश्न तिला लग्न झाल्यापासून कोणी विचारलाच नव्हता. बापाने नाही, सरकारने नाही, आणि मामाजींनी तर नाहीच. ती तिथेच खाली बसली आणि ढसढसा रडली. मामाजी घाबरून गेले. "अवं रडू नोको, रिठद म्हन, मेहकर म्हन, तू म्हनशीन ते लिहितो ना मी."

"अठीच," ती रडता रडता म्हणाली. "वाशीमले. रिठद बी जवय, आन् चाचा बी हाये तुमाले गप्पा माराले. तुमाले अमरावतीत माह्याबिगर करमलं नसतं."

मामाजींनी 'वाशिम' असं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, कारण ते हसत होते. त्या रात्री चूल पेटली, आणि मी सांगते, तसं वरण मी पुन्हा खाल्लं नाही. मामाजींची कशालाच हरकत नव्हती.

पहिली पेन्शन घ्यायला आत्या त्यांच्याबरोबर तहसिलीत गेली, आणि मीही सातव्या महिन्याचं पोट घेऊन मागोमाग गेले, कारण हे चुकवणं मला शक्यच नव्हतं. खजिन्यातला कारकून नवीन होता, कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातून आलेला. त्याने कागदावरचं वर्णन वाचलं, उजव्या भुवईवर व्रण आहे की नाही ते चष्म्यातून पाहिलं, आणि मान वर करून म्हणाला, "पेन्शनर हेच आहेत, अशी ओळख देणारं कोणी आहे का?"

मामाजींना वाशिममध्ये कोणी ओळख विचारावी! त्यांचा चेहरा पडला. ते इकडेतिकडे पाहायला लागले.

आत्या पुढे झाली. "मी ओयखतो यायले. चांगली ओयखतो."

कारकुनाने टाक थांबवला. "आपण कोण?"

आत्याने पदर डोक्यावर नीट घेतला आणि सगळ्या तहसिलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी? मी अर्धी पेन्शनर."

कारकून गोंधळून मामाजींकडे पाहायला लागला. मामाजी छापील मराठीत म्हणाले, "बाई सांगतात ते खरं आहे. तसा निकाल झालेला आहे."