‘पिक्चर चालून नाही राहिला’

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि बडनेऱ्यात अनीसभाईच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात बसलो. घरोघरी जाऊन मशीन बघायची. तक्रार बहुतेक एकच: "पिक्चर चालून नाही राहिला." मशीनचे बिघाड मी संध्याकाळपर्यंत विसरतो. माणसांचे मात्र साचत जातात, आतल्या पंख्यावरच्या धुळीसारखे. फुंकर मारून जात नाहीत.

* * *

एक रिटायर्ड मास्तर. आवाज येतो, चित्र काळं.

"कोडेक नाही सर," मी म्हटलं. म्हणजे फाईल उलगडणारं छोटं सॉफ्टवेअर.

मास्तर आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहा! अर्धवट शिकलेले पोट्टे असेच तोंडाला येईल ते शब्द फेकतात. आमचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्येच आहे म्हटलं!"

"मग त्यालाच विचारायचं ना सर, फोनवर."

मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "तो फोन उचलते कुठं!"

* * *

धामणगावचे एक कापसाचे अडते. त्यांच्या सीड्या मधेच अडकायच्या. कुणीतरी सांगितलं होतं, ओरखड्यांवर टूथपेस्ट घासा. मी सीडी बाहेर काढली, तर ती तव्याच्या पाठीसारखी!

"काका, कोणती टूथपेस्ट लावली?"

"आमच्या घरी कुठं टूथपेस्ट? राखुंडीनं घासल्या!"

घरातल्या सगळ्याच घासल्या होत्या. त्यात पोरीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचीही होती. पोरगी दारात उभी राहून रडत होती.

"सीडीच तं आहे," काका म्हणाले, "रडते काहून?"

* * *

अमरावतीचे एक साहेब. रोज ठरावीक वेळेला पिक्चर बंद पडायचा. "व्हायरस आहे, टायमिंगवाला!"

व्हायरस कसला! लोडशेडिंग. घरातले पंखे इन्व्हर्टरवर फिरत होते, म्हणून साहेबांना पत्ताच नव्हता. मी सांगितलं तर माझ्यावरच चढले.

"लोडशेडिंग खेड्यात असते! आमी टॅक्स भरतो!"

त्याच खेड्यात त्यांचा सख्खा भाऊ संत्र्याला पाणी द्यायला लाइटीची वाट बघत मोटारीजवळ बसलेला असतो. ते त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. चहा देताना, हळूच.

* * *

तिवस्याकडच्या एका ग्रामपंचायतीत मोठे साहेब फिल्म घेऊन आले. शेतकऱ्यानं खचून जाऊ नये, अशी फिल्म. पडद्यावर साहेबच, पण आवाज नाही. मी पोचेपर्यंत सगळं गाव बसून बघत होतं. साहेब नुसते हात हलवतायत.

मी वायर नीट खोचली. एकदम आवाज घुमला, "धीर धरा!"

मागून एक म्हातारी ओरडली, "काढ रे बाबा ते वायर! मगाशीच बरं होतं!"

* * *

आणि बडनेऱ्याचे एक आबा, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा मुलगा धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडलं आणि त्याच वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तो गेला. कसा गेला, हे आमच्याकडे आता कोणी विचारत नाही. पोरगी तेव्हा तान्ही होती. आता चार वर्षांची झाली आणि आईला रोज विचारते, "बाबा कसे बोलत होते?"

घरात त्याचा आवाज असला तर एकाच जागी असणार. लग्नाच्या सीडीत.

"आवाज येत नाही," मंगलाताई, त्याची बायको, म्हणाली.

मी सीडी लावली. दणक्यात सिनेमाचं गाणं सुरू झालं. "येतो की ताई!"

"हे गाणं हाय, भाऊ. मले त्याईचा आवाज पाहिजे. हे गाणं तेवढं काढून टाका न."

पडद्यावर नवरदेव नाव घेत होता. ओठ हलत होते, वर गाणं. मी डावा स्पीकर बंद केला, मग उजवा. दोन्हीकडून गाणंच. एकदा मिसळलेलं निघत नाही.

व्हिडिओवाल्याकडे गेलो. मूळ कॅसेटवर त्यानं केव्हाच दुसरं लग्न शूट करून टाकलं होतं.

"पण नाव घेतानाही गाणं काहून टाकलं?"

"त्याच्या बापानंच सांगतलं. पोरगं बोलताना अडकते, पाहुणे हसतील म्हणे."

मी परत जाऊन सगळ्यांसमोर, आबांच्या तोंडाकडे बघत, जसंच्या तसं सांगितलं. दयामाया केली नाही. आबा खाटेवर बसून होते.

मंगलाताईनं माझ्या हातून माऊस घेतला. आवाज पूर्ण बंद केला. सीडी मागं नेली आणि पोरीला मांडीवर घेतलं. नवऱ्याचे ओठ हलले, तशी ती बोलली:

"ब… ब… बडनेऱ्याच्या टेशनावर थांबते गाडी, मं… मं… मंगलाले आणली मी हिरवी साडी."

तो जिथं अडकत होता, तिथंच अडकून.

पोरगी खुदकन हसली.

आबा म्हणाले, "पुन्हा लाव."