न पेटणाऱ्या माळा

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. पिपरी मेघे गावातल्या आमच्या गल्लीला लागणाऱ्या वह्या, साबण, बिस्किटं आणि सणासुदीला सणाचं सामान. दुकान नवऱ्याचं. मी आतून चहा नेऊन द्यायची, तेवढाच माझा दुकानाशी संबंध. गणपती उठल्यावर तो नागपूरहून दिवाळीचा माल घेऊन आला. आकाशकंदील, रांगोळी, तोरणं, लाइटच्या माळा. नवरात्रात एका सकाळी आंघोळीला गेला आणि तिथेच पडला. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दीर म्हणाला, "वहिनी, माल वापस करून देऊ. पडून राहीन नाई त." मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

मग माझ्या भिशीतल्या बाया आल्या. "काही वापस करू नका. यंदा सगळी गल्ली तुमच्याकडूनच घेईन. ऑनलाइन कोणीच नाई मागवणार." शटरही त्यांनीच वर केलं. मी नवऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसले.

लोक आले. खरंच आले. दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलायचे. कुठे काय ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं, गिऱ्हाईकच सांगायचं, "वहिनी, रांगोळी त्या खालच्या डब्यात असते." भावही तेच सांगायचे. मागच्या घरातल्या शिक्षिकाबाईंनी एक माळ आणि तीन आकाशकंदील नेले. एवढे कंदील लावणार कुठे, असं मनात आलं. विचारलं नाही. पिशवीत घातलं आणि दिलं.

वसुबारसेला भाजीवाली मावशी आली. जवळच्या खेड्यातून घरच्या वाडीतली भाजी घेऊन ती रोज आमच्या गल्लीत येते. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि आदल्या दिवशी नेलेली माळ काउंटरवर टाकली.

"काऊन वो, बंद माळ देल्ली तू मले?"

दुकानातल्या बायांपैकी एकीनं तिला डोळ्यांनी खुणावलं. मावशीनं पाहिलंच नाही.

मी दुसरी माळ पुढे केली.

"लावून दाखव. तुयावाला माणूस त दरखेपी लावूनच दे."

प्लग कुठे आहे, मला माहीत नव्हतं. "थो काय, पंख्याच्या बटनाखाली," ती म्हणाली. ती माळही पेटली नाही. तिसरी पेटली. मावशीनं ती गुंडाळून मेथीवर ठेवली. टोपलं उचलताना म्हणाली, "आयकलं मी त्याचं. लय वाईट झालं." आणि भाजीची आरोळी देत पुढे गेली.

मी उभ्या असलेल्या बायांना विचारलं, "तुमच्या लागल्या का?"

एक म्हणाली, "आमची अर्धी लागते, वहिनी. राहू द्या न. चालते."

दुसरीची लागलीच नव्हती. माझ्याकडे पाहून कोणी परत आणली नव्हती. मला राग आला नाही, भरूनही आलं नाही. "घेऊन या," एवढंच म्हणाले.

दुपारभर मी आणि दीर एकेक माळ लावून पाहत बसलो. बंद निघालेल्या माळा पोत्यात टाकल्या. बऱ्याच जणींनी बदलून नेल्या. शिक्षिकाबाई आल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मागच्या दारातून त्यांची गॅलरी दिसली. तीन कंदील ओळीनं लागले होते आणि त्यांच्यामधून विझलेली माळ लोंबत होती. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. शेजारच्यांनी फराळाचे डबे पाठवले होते. एक चकली खाल्ली. चव कळली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि गर्दी ओसरली. ऑनलाइनची खोकी पुन्हा गल्लीत यायला लागली. घरी कोणी नसलं की डिलिव्हरीवाले ती माझ्या दुकानात ठेवून जातात. मी ठेवून घेते, आणि संध्याकाळी ज्याचं त्याला देते.