चाराला केसभर कमी

बर्निस वास्काविच माझी सख्खी मावशी नव्हे. पण जोडघराच्या एकाच भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, असं जन्मभर राहिल्यावर सख्खं-चुलत कोण बघतो? माझ्या बाप्तिस्म्याचा झगा तिने शिवला, माझ्या आईच्या शवपेटीतला ब्लाउजही तिनेच. मी तिला मावशी म्हणतो. ती मला मेल्या म्हणते.

आमच्या शेनांडोआ गावातल्या शर्टाच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कॉलर बसवल्या. नजर अशी की टेप शरमेने गुंडाळून बसावी. माझ्या लग्नात भर चर्चमध्ये, पाद्री तोंड उघडणार इतक्यात, ती पहिल्या बाकावरून म्हणाली, "मेल्या, डावी बाही पाव इंच लांब आहे. शिंप्याने फसवलं तुला." घरी येऊन मोजली. पाव इंचच होती.

तिचा नवरा वॉल्ट खाणीत होता. फुप्फुसं खाणीला देऊन आला आणि पासष्टाव्या वर्षी गेला. स्वयंपाकघरातली, सगळं घर तापवणारी कोळशाची शेगडी वॉल्टची, त्याने बायकोला कधी हात लावू दिला नव्हता. मर्तिकानंतर तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. "लेनी, तू शेगड्यांच्या दुकानात काम करतोस ना? मग ही बया कशी चालवायची ते शिकव. मुलीकडे जाऊन रेडिएटरपुढे बसायचं नाही मला."

शिकली. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला जाळी हलवून राख पाडायची. तो खडखडाट भिंतीतून माझ्या घरात यायचा. मी त्यावर घड्याळ लावायचो.

पण मनातून ती भ्यालेली होती. आमच्या कडक कोळशाला धूर नसतो. धुराडं वायू ओढून घेतंय की घरात सोडतंय, डोळ्याला कळत नाही. म्हणून मी ओढ मोजायचं गेज आणलं. आधी दुकानात करतो तसं चुंबकाने नुसतं अडकवलं. तिने ते काढून माझ्या हातात दिलं. "चार दिवसांचा पाहुणा नको मला. कायमचं बसव."

मग बसवलं बुवा कायमचं. शेगडीच्या वर वीतभर, झडपेच्या खाली, पाइपला भोक पाडलं. त्यात तांब्याची नळी घातली, तिला रबरी नळी जोडली आणि गेज भिंतीत स्क्रूंनी आवळलं. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. मग रबरी नळी काढून छोट्या स्क्रूने तिरप्या काचेतलं लाल तेल शून्यावर आणलं आणि नळी परत लावली. तेल सरकत सरकत चाराच्या पुढे जाऊन थांबलं.

"चार-पाच असलं की झोप निवांत," मी म्हणालो. "दोनाच्या खाली गेलं तर भिंतीवर ठोक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! त्या दिवसापासून सळईचे तीन ठोके माझ्या नशिबी आले. ढग आले, ठोके. वारा पडला, ठोके. मी सूप खात असताना ठोके. मी जायचो, कपाळाला आठ्या घालून पाइपावर दोन थापा मारायचो, आत साचलेली पिठासारखी राख खाली पडायची आणि तेल पुन्हा चारावर यायचं. ती मला बटाट्याची धिरडी वाढायची आणि वर म्हणायची, "तोंड कशाला एवढं? वॉल्टसुद्धा इतका कुरकुरत नव्हता."

दोन हिवाळे असे गेले. फेब्रुवारीत एका उबदार दिवशी ती सकाळपासून चौथ्यांदा ठोकत होती. मी गेलो. तेल दोनावर. ती तळघरात लोणच्याची बरणी आणायला उतरली होती. आणि मी, शेगड्यांत केस पांढरे केलेला माणूस, काय केलं असेल? राख पाडली नाही. तो छोटा स्क्रू पिळला. तेल पाचावर गेलं.

"आलं बघ," ती वर आल्यावर मी म्हणालो.

"पाच!" तिचा चेहरा असा उजळला की मलाही पुण्य केल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

मग ठोके बंद झाले. थंडीच्या दिवसांत काच सात-आठ दाखवायची आणि ती खूष. जास्त ओढ म्हणजे वॉल्टची कृपा. ठोके बंद म्हणून माझं जाणं बंद, आणि माझं जाणं बंद म्हणून पाइपावरच्या थापा बंद. ती ठोकत होती म्हणूनच पाइप मोकळा राहत होता, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

मार्चमध्ये थंडी मोडली, धुकं उतरलं. असल्या हवेत धुराडी आळसावतात. गुरुवारी सकाळी सहाला मी कॉफी ओतत होतो आणि भिंतीतून खडखडाट आला नाही. सव्वासहा झाले. किल्ली घेऊन धावलो.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, ॲप्रन बांधलेला, गाल लाल. डोळे उघडे, पण मला ओळखेना. टेबलावर विषारी वायू साचला की ओरडणारा अलार्म उघडून ठेवलेला, शेजारी त्याचे दोन सेल नीट ओळीत. मी तिला ओढत पायऱ्यांवर आणलं, ॲम्ब्युलन्स बोलावली.

वाचली. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. तिची मुलगी मार्लीन रेडिंगहून आली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने माझा हात धरला. "लेनी, तू नसतास तर आई गेली असती." मी हात सोडवून घेतला. "पण आता बस्स. अलार्म ओरडतोय आणि ही बाई त्याचे सेल काढते! विचारलं तर म्हणते, गेजवर चाराला केसभर कमी होतं. डोकं फिरलंय तिचं. घर बंद करते आणि वृद्धाश्रमात जागा बघते."

चाराला केसभर कमी! मी हिशेब केला. खरी ओढ एकालाही पोचत नव्हती आणि वरचे तीन माझे. मावशीने केसाचीसुद्धा चूक केली नव्हती.

शुक्रवारी मी एकटा तिच्या घरी पाइप साफ करायला गेलो. दीड बादली राख निघाली. मग गेजपुढे उभा राहिलो. स्क्रूवर अंगठा ठेवला. परत पिळला की संपलं, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. मी खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतला. पण त्या म्हातारीच्या बाजूने बोलणारा एवढा एकच साक्षीदार होता, आणि त्यालाही मीच मारणार होतो. अंगठा काढला. पण बोललो का? नाही. शनिवारीही नाही. थू माझ्यावर.

रविवारी मार्लीन तिला घरी घेऊन आली, सामान बांधायला. मी दार उघडून आत गेलो तर टेबलावर आश्रमाचा फॉर्म, पेन आणि थंड शेगडीपुढे मावशी. एवढीशी दिसत होती.

"आई, सही कर," मार्लीन म्हणाली. "मी वाईट नाही गं. मला झोप लागत नाही."

मावशीने पेन घेतलं. मग माझ्याकडे बघून हसली. "माझेच डोळे गेले असतील रे, लेनी. मला चार दिसलं. तुझं गेज कशाला खोटं बोलेल?"

पाव इंच ओळखणारी बाई माझ्यापुढे म्हणत होती की आपलेच डोळे गेले. माझ्याने ऐकवेना. मी भिंतीपाशी गेलो आणि गेजची रबरी नळी ओढून काढली.

"मावशी, बघ. नळी काढली की तेल शून्यावर यायला हवं."

ती उठली. चष्मा लावला, काचेशी नाक नेलं. तेल तिनावर थांबलं होतं.

"तीन," ती म्हणाली.

"मी स्क्रू पिळला होता. फेब्रुवारीत. तू तळघरात होतीस तेव्हा."

मार्लीन ताडकन उठली. "का? लेनी, का?"

"ठोके ऐकून कंटाळलो होतो," मी म्हणालो. दुसरं कारण असतं तर बरं झालं असतं.

मार्लीन मला काय काय बोलली ते लिहीत नाही. सगळं खरं होतं. मावशी मात्र काचेसमोरच उभी होती. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे चाराला केसभर कमी होतं, ते बरोबर होतं."

"बरोबर होतं, मावशी."

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही."

तिने फॉर्म घडी करून मार्लीनच्या पर्समध्ये घातला. मग माझ्याकडे वळली. मी वाट बघत होतो, आता मेल्या म्हणेल, सळई घालेल डोक्यात. तिने हलक्या आवाजात विचारलं, "एवढा त्रास होत होता, तर सांगायचं नाहीस रे?"

मग मला शून्य लावायला शिकवायला सांगितलं. एकदाच बघितलं आणि तिला आलं.

याला आता तिसरा हिवाळा. नवा अलार्म मी बसवला. पाइपावर थापा ती स्वतः मारते. सहाला खडखडाट येतो, मी श्वास सोडतो आणि तीन ठोक्यांची वाट बघतो. येत नाहीत. काल पुन्हा तसलंच धुकं होतं. राहवेना म्हणून मीच गेलो. तिने दार अर्धवट उघडलं.

"नळी काढून बघितलं मी, लेनी. शून्य बरोबर आहे, ओढ तीन आहे. तू कॉफी पी जा. तुला कशाला त्रास?"

मेल्यासुद्धा म्हणाली नाही.