शाकाहारी मासा

जयपूरला घर भाड्याने घेताना आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. नवरा विमा कंपनीत अधिकारी, पगार वेळेवर, मूलबाळ अजून नाही, यातलं घरमालकीणबाईंना काही ऐकायचं नव्हतं. "मांस-मच्छी तो नहीं खाते?" मी मालवणची. तरी "नहीं जी" म्हणून मोकळी झाले. घरं बघून बघून पाय मोडले होते, एवढंच माझं समर्थन.

बाई जैन होत्या, साठीच्या, एकट्या. त्या खाली, आम्ही वर. मी त्यांना आंटीजी म्हणायचे. शब्द मी निम्मा तरी पाळला; त्या घरात मासा कधी शिजवला नाही. महिन्यातून एकदा रेल्वे कॉलनीतल्या एका मराठी कुटुंबाकडे जाऊन पोटभर खायचे आणि बडीशेप चघळत परत यायचे. दुसऱ्या दिवशी आंटीजी बाजारात मच्छीवाल्या गल्लीवरून जाताना नाकाला पदर लावायच्या, की मीही लावायचे. स्वतःचा राग यायचा. पण घर जाण्याची भीती जास्त होती, आणि पुढेपुढे आंटीजी जाण्याचीही. त्या शहरात माझी म्हणून तेवढी एकच बाई होती.

दोन हजार पाचच्या आसपास राजा पार्कमधल्या एका दुकानात मी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि हटून बसले. गोड्या पाण्यातले गोल्डफिश मला मासे वाटतच नाहीत. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण टाकी आणली. आंटीजींनी परवानगी दिली ती एका अटीवर. "पाल ले. पर मेरे घर में कोई किसी को मारेगा नहीं."

दुकानदाराने दिलेलं पाकिटातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून समुद्र तयार केला. खारटपणा मोजायचं यंत्र होतं, पण मी बोट बुडवून चाटायचे. लहानपणी तेच पाणी इतक्यांदा नाकातोंडात गेलेलं, की जीभ चुकत नसे. दगड रचले, पाणी महिनाभर नुसतंच फिरू दिलं आणि मग मासे निवडायला गेले.

दुकानदार भला माणूस. कोणते मासे एकत्र नांदतात ते त्याने नीट समजावलं. ज्याच्या तोंडात दुसरा मावेल असा मोठा नको. एकाच अंगलटीचे दोन नकोत. गरीब स्वभावाचे आधी सोडायचे, दांडगे सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांना टाकी आपली वाटत नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भैया, इनमें शाकाहारी कौन-सा है?"

त्याने अंगठ्याएवढा एक काळा मासा दाखवला. डॅमसेल. "ये तो ज़्यादातर काई खाता है जी, मगर..." मगरच्या पुढचं मी ऐकलं नाही. तो घेतला आणि सगळ्यांच्या आधी सोडला. आंटीजींना बोलावून त्याला शेवाळ खाताना दाखवलं. त्या खूष. मी त्याहून खूष.

दोन आठवड्यांनी नारिंगी क्लाउन माशांची जोडी आणली, आणि नंतर फायरफिश. तो बोटभर लांब, पुढून पांढरा, मागून लाल, आणि इतका भित्रा की दिवसभर दगडाच्या फटीत. या तिघांना कोळंबीचा बारीक चुरा लागायचा. तो मी बर्फाच्या कप्प्यात गुंडाळून ठेवायचे आणि "उनकी दवाई" म्हणायचे. आणखी एक खोटं.

आंटीजी रोज दुपारी वर येऊन टाकीसमोर बसू लागल्या. त्यांची टीव्हीवरची मालिकासुद्धा सुटली. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि माशांना हवा मिळत नाही, म्हणून मगाने पाणी वरून ओतत राहायचं, हेही त्या शिकल्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायचीच.

मग एके सकाळी एका क्लाउनची शेपटी फाटलेली दिसली. दुपारी आंटीजींनी येताच निकाल दिला. "ये लाल वाला है. छुपा रहता है, और वो दवाई तेरी मांस है, मैं जानती हूँ. मांस खाने वाला काटेगा ही. निकाल इसे."

मी सकाळीच तासभर बसून सगळं पाहिलं होतं. तो काळा शाकाहारी अख्ख्या दगडाचा मालक झाला होता. शेवाळाजवळ जो येईल त्याच्या अंगावर धावायचा. फायरफिश त्याच्याच धाकाने फटीत बसायचा. माझं डोकं सणकलं.

"आंटीजी, वो मांस खाता है, पर किसी को छूता तक नहीं. मैं भी मछली खाती हूँ. तीन साल से आपके सिर पर रहती हूँ, आपको काटा क्या?"

आंटीजी कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, एवढी तीन वर्षं गप्प होतीस, आजच काय झालं?" एका माशाची बाजू घेताना स्वतःची कधी घेतली, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

आठ दिवस त्या वर आल्या नाहीत. जिन्यात दिसल्या तर मान वळवायच्या. घर सोडा असं त्यांनी म्हटलं नाही, पण त्याची वाट बघत बसण्यापेक्षा आम्हीच जागा शोधू लागलो. काळ्याला पकडायचं तर सगळे दगड उपसायला हवे होते. टाकीच मोडायची आहे तर कशाला, म्हणून तेही राहिलं.

रविवारी झोटवाड्यात एक जागा बघून आलो. मे महिना होता. पाणी तापू नये म्हणून टाकीचं झाकण काढून वर छोटा पंखा लावलेला असायचा. आलो तर दार उघडं, लाइट गेलेली, टाकीजवळ मग आणि फरशीवर पाणीच पाणी. आंटीजी आमच्या स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभ्या होत्या.

"लाइट गई तो आई थी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "वो लाल वाला नीचे पड़ा था, फर्श पर. काले ने दौड़ाया, मेरे सामने कूदा. तड़प रहा था बेचारा. उठाकर डाल दिया."

मी टाकीपाशी धावले. फायरफिश फटीत होता. कल्ले हलत होते.

"कशाने उचललात?" घाईत मी मराठीतच विचारलं. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. जन्मात मेलेल्या माशाच्याही जवळून न गेलेली बाई. मी तिथेच रडायला लागले.

"रो मत. कल काले को निकालेंगे. पत्थर मैं पकड़ूँगी." त्यांनी पुन्हा साबण घेतला, हात धुतले, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तीन बार धोया, बास जाती ही नहीं. तू घर जाती है, मछली बनाती है, तब क्या लगाती है?"

मी लिंबू कापलं, त्यांचे हात हातात घेतले आणि बोटाबोटाला चोळत राहिले.